जो समझो, दे देना

इंदुरात ‘कॅप्टन’ म्हटलं की आमच्या घरात अजूनही सी. के. नायडूच आठवतात. होळकरांच्या संघाने चारदा रणजी करंडक आणला तो काळ आजोबांनी मैदानाच्या कडेला शेंगदाणे खात पाहिलेला, आणि आम्ही त्या गोष्टींवर वाढलेलो. त्यामुळे चेन्नईच्या भाच्याचा फोन आला, “मामा, फेब्रुवारीत येतोय, नर्मदेवर एक चांगला कॅप्टन बघून ठेव,” तेव्हा मी विचारलं, “बॅटिंगवाला की बोलिंगवाला?”

त्याला हवा होता बोटीचा कॅप्टन. हा भाचा सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जातो, लहानशी बोट कॅप्टनसकट भाड्याने घेतो, दिवसभर उन्हात करपतो, हातभर लांबीचा मासा पकडतो, त्याच्यासोबत फोटो काढतो आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडतो. यातलं शेवटचं मी बायकोला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा “का?” एवढंच विचारलं.

आम्ही सीकेपी. तीन पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीत आलो तेव्हा समुद्र सुटला, जीभ मात्र बरोबर आली. बर्फात झोपून आलेलं पापलेट इंदुरात ज्या भावाने मिळतं, त्या भावात सराफ्यात चांदीचं घडवून मिळेल. शेजारीपाजारी सगळे शुद्ध शाकाहारी, म्हणून तळण काढायचं ते खिडक्या लावून आणि उदबत्ती पेटवून. आणि हा मुलगा पैसे मोजून मासा पकडणार, वर सोडून देणार! “तुमच्या बहिणीने याला काय खाऊ घालून वाढवलं?” बायकोने विचारलं. शिवाय तिचा दुसरा मुद्दा बिनतोड होता. नर्मदा तर आपल्या नळालाच येते, मग तिच्याकडे कशाला जायचं? त्यासाठी 1970 साली शहराने मोठं आंदोलन केलं, 1978 साली नर्मदेकाठच्या जलूदहून पाणी चढून घाटावर आलं, आणि आता हे निघाले घाट उतरून.

पण मला ‘मामा’ म्हणणारा तो एकुलता एक. शोध सुरू केला. बायको ज्यांच्याकडून साड्या घेते त्या महेश्वरच्या विणकराला फोन केला. त्यांनी मेव्हण्याचा नंबर दिला, मेव्हण्याने घाटावरच्या चहावाल्याचा दिला, आणि चहावाल्याने फोन सरळ शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाला लावला. तोच आमचा कप्तान.

भाच्याने मला अकरा प्रश्न लिहून पाठवले होते. बोट ठरवताना हे विचारलंच पाहिजे म्हणे. मी यादी समोर धरून एकेक विचारत गेलो.

बोट केवढी?

“बैठ जाओगे.”

इंजिन किती हॉर्सपॉवरचं?

“चलता है.”

लाइफ जॅकेट?

“आठ हैं.”

डिझेल भाड्यात धरलंय का, अर्धा दिवस किती, पूर्ण दिवस किती, हवा बिघडली तर पैसे परत का, गळ-दोरी तुमची की आमची, पकडलेला मासा कोणाचा? या सगळ्याला मिळून त्याने एक लांब उसासा दिला. जुलैत आलो तर? या दहाव्या प्रश्नाला मात्र त्याने ठणकावून सांगितलं की 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा हंगाम, तेव्हा नर्मदामैयात गळ पडत नाही, फोन करू नका. त्यामुळे माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर होता. या आदरापोटीच अकरावा प्रश्न मी सगळ्यात नरम आवाजात विचारला, “दादा, कितना लोगे?”

“जो समझो, दे देना.”

माझ्या मते हिंदीतलं सगळ्यात महागडं वाक्य हेच. बाराशे सांगणाऱ्याला नऊशे म्हणता येतं. शीतलामाता बाजारात माझी बायको दुकानदाराला रडवून, पाणी पाजून, पुन्हा रडवून साडी घेते. पण ‘जो समझो’ म्हणणाऱ्याचं काय करायचं? तो भाव सांगतच नाही, तुमची लायकी विचारतो. कमी दिलं तर आपण हलके ठरतो आणि जास्त दिलं तर मूर्ख. मधला आकडा फक्त त्याला ठाऊक असतो आणि तो काही केल्या सांगत नाही. मी पुष्कळ खणून पाहिलं. इतर लोक काय देतात? “खुशी से देते हैं.” गेल्या आठवड्यातल्या माणसाने किती दिले? “अच्छा आदमी था.” शेवटी बायकोने फोन हातात घेतला, आणि तीन मिनिटांनी ठेवताना ती त्याच्या मुलीच्या लग्नाची तारीख सांगू लागली. भाव तिलाही कळला नव्हता.

निघण्याची वेळ मात्र त्याने चोख सांगितली. पाचला घाटावर, म्हणजे इंदुराहून पहाटे तीनला. तीन वाजता इंदुरात दोनच प्रकारचे लोक जागे असतात, सराफ्यातली रात्रीची खादाडी आवरून घरी निघालेले आणि आमच्यासारखे. एका स्कूटरवरचे तिघे भुट्ट्याचा कीस पचवत परतत होते. त्यांनी आमच्या गाडीच्या टपावर बांधलेल्या गळाच्या काठ्या पाहिल्या आणि एकाने ओरडून विचारलं, “भिया, पंखे साफ करने जा रहे हो क्या?” मानपूरचा घाट उतरेपर्यंत भाचा त्या काठ्यांची किंमत सांगत होता. ती ऐकल्यावर मला घाट जास्तच खोल वाटू लागला.

आमच्यात पाच जण होते. मी, बायको, भाचा, माझा मेव्हणा, आणि बायकोच्या मांडीवरचा स्टीलचा डबा. डब्यात काय आहे ते तिने सांगितलं नाही. आलं-लसणाचा वास आला, पण मी काही बोललो नाही.

महेश्वरच्या घाटावर पहाटे पाचला उभं राहिलं की बोलायचं राहून जातं. वर अहिल्याबाईंचा किल्ला, खाली पायऱ्या, पाण्यावर धुकं आणि नदीच्या मध्यावर बाणेश्वराचं इवलं देऊळ. पाच मिनिटं आम्ही गप्प होतो. मग मेव्हण्याने विचारलं, “पोहे कुठे मिळतील?”

कप्तान सडपातळ, साठीचा, डोक्याला मफलर. बोट लाकडी, तिला शेतातल्या पंपाचं इंजिन बसवलेलं. आठ लाइफ जॅकेटं खरोखरच होती, फक्त त्यांतली चार एकमेकांवर रचून त्याने स्वतःसाठी आसन केलं होतं. भाच्याने “अंकल, ये पहनने के लिए होते हैं,” म्हणताच तो उठला, चारही काढून आमच्या अंगावर चढवली, बंद आवळले आणि स्वतः उघड्या फळीवर बसला. पुढचे चार तास आम्हाला त्या फळीकडे पाहून अपराधी वाटत राहिलं. भाच्याने आपलं जॅकेट त्याच्यापुढे केलं, तर म्हणाला, “मैं डूबा तो मैया जाने, तुम डूबे तो थानेदार.”

मग नियम. घाटासमोर गळ नाही, तिथले मासे लोकांच्या हातची कणीक खातात, ते मैयाचे. आधी नारळ, मग इंजिन. बाई मधोमध बसणार, जाड माणूस मागे. जाड माणूस म्हणजे कोण यावर माझ्यात आणि मेव्हण्यात थोडी चर्चा झाली. आणि शेवटचा नियम, जागेवर पोचल्यावर कोणी बोलायचं नाही.

इथे मात्र आमची कोंडी झाली. भूक, थंडी, पहाटेची लघवी हे सगळं इंदूरकर सोसेल. पण तीन इंदूरकर एका फळीवर आणि गप्पा नाहीत? आमच्याकडे अंत्ययात्रेतसुद्धा कचोरी कुठली चांगली यावर मतं मांडली जातात.

सहस्रधारेच्या अलीकडे, जिथे नर्मदा खडकांमधून फुटून शेकडो धारांनी पडू लागते, तिथल्या एका डोहाच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने नाव खडकाआड नेली. भाचा कुजबुजला की आपल्याला हवा आहे महसीर. मध्य प्रदेशाने 2011 साली राज्यमासा ठरवला तो. त्याला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि त्याचे दात घशात असतात, त्यांनी तो शिंपले-गोगलगायी भरडून खातो. कप्तान म्हणाला, इकडे त्याला बाडस म्हणतात, आणि वर धरणं झाली तेव्हापासून ती चढायची थांबली आणि दिसायचीही. मग त्याने ओठांवर बोट ठेवलं.

पहिली सात मिनिटं आम्ही खरंच गप्प होतो. मी घड्याळ लावलं होतं. आठव्या मिनिटाला मेव्हण्याने शेवेची पुडी फोडली. त्या शांततेत तो आवाज तोफेसारखा गेला. कप्तानाने मान वळवली नाही, फक्त हात मागे केला. मेव्हण्याला वाटलं शेव मागतोय, त्याने मूठभर दिली. कप्तानाने ती नदीत टाकली. लवंगाची शेव, ताजी! मेव्हण्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दुःख दिसलं, ते त्याच्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही नव्हतं.

भाच्याने चमच्यासारखं चमकणारं काहीतरी दूर फेकलं, गुंडाळलं, पुन्हा फेकलं. ऊन वर आलं. मला राहवेना. पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून मी अगदी हळू आवाजात सुरुवात केली. महेश्वरच्या समोर ते नावडाटोली. नावाड्यांची वस्ती म्हणून हे नाव. 1950च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी तिथे खणलं, तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, रंगवलेली मडकी निघाली, आणि तांब्याचे गळ निघाले. मासे पकडायचे गळ! म्हणजे बघा दादा, इथेच, याच नदीवर…

कप्तान बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मछली मिली थी उनको?”

मी म्हणालो, तसं वाचल्याचं आठवत नाही.

“तो वो भी इंदौर से आए होंगे.”

साडेआठच्या सुमारास भाच्याची काठी वाकली. रीळ किंचाळलं. भाचा उभा राहिला, मेव्हणा उभा राहिला, नाव उभी राहायला निघाली. तेव्हा कप्तान पहिल्यांदा ओरडला. त्याने नेमकं काय म्हटलं ते लिहिता येणार नाही, पण आम्ही तिघेही एकदम बसलो. पुढची दहा मिनिटं तो शब्दांनी नाव चालवत होता. ढील दे, अब खींच, पत्थर की तरफ मत जाने दे, ढील! एका हाताने बांबू, दुसऱ्याने भाच्याची कॉलर. आणि मग पाण्याबाहेर ती आली. फार मोठी नव्हती, दीड-दोन किलोची असेल, पण सोनेरी, आणि खवले असे की एकेक रुपयाच्या नाण्याएवढा. माझ्या शेजारी डब्याचं झाकण हलकेच उघडल्याचा आवाज आला. लाल तिखट, हळद, कोकमाचा आगळ आणि आलं-लसणाचं वाटण. सगळं घरून आणलेलं.

भाच्याने गळ सोडवला, ओल्या हाताने तिला धरलं, एक फोटो काढला, आणि तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात सोडून दिली. तिने शेपटी हलवली आणि ती गेली.

नावेत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आता नियमाची गरजच नव्हती. बायकोने डब्याचं झाकण लावलं. मग ती कप्तानाला म्हणाली, “भैया, आपके यहाँ भी ऐसे ही छोड़ देते हैं?”

“नहीं भाभी,” कप्तान म्हणाला. “पर हमारे यहाँ तीन बजे उठके भी कोई नहीं आता.”

परत घाटाला लागलो तेव्हा दहा वाजले होते. आता ‘जो समझो’. मी दीड हजार पुढे केले. त्याने नोटांकडे पाहिलंच नाही, नदीकडे पाहिलं. मी आणखी दोनशे ठेवले. त्याने किल्ल्याकडे पाहिलं. भाच्याने घाईने तीनशे काढले, चेन्नईत टीप देतात म्हणे. कप्तानाने सगळे घेतले, कपाळाला लावले आणि मफलरीत खोचले. बायकोने मग न राहवून विचारलं, “सच बताओ भैया, होते कितने थे?”

“बारह सौ.”

“तो बाकी के आठ सौ?”

“नर्मदे हर,” असं म्हणून त्याने इंजिनावर फडकं टाकलं. “वो मैया को चढ़ गए.”

त्यानंतर पोहे खाल्ले. त्यानंतर विणकराकडे गेलो, कारण ‘एवढं आलोच आहोत तर’. तिथे जे झालं त्याचा आकडा मी लिहीत नाही. तिथे निदान भाव तरी सांगितला होता.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. आमच्या भागात त्या दिवशी पाण्याची पाळी होती. भाचा सोफ्यावर पडून फोटो मित्रांना पाठवत होता, मी पाठ शेकत होतो, आणि डबा तसाच ओट्यावर बसला होता. एवढ्यात नळ खाकरला, फुसफुसला आणि पाणी आलं. बायकोने बादली लावली.

“अहो,” तिने आतून हाक मारली. “मैया आलीय. वाटण तयार आहे. बघता का, काही येतंय का ते?”