‘बी-२७ पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे डोळे गेले?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘रक्तात एचएलए-बी२७ सापडलं म्हणजे डोळ्यांत जंतू शिरले. दृष्टी जाणारच. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. आमच्या काढ्याने रिपोर्ट निगेटिव्ह होतो.’ आधीच धास्तावलेल्या माणसाला हे पाठवून काय मिळतं, देव जाणे.

‘डोळ्यांत जंतू शिरले.’ बी२७ हा जंतू नाही. पेशींवरचं ते एक प्रथिन आहे, जंतूंचे तुकडे पांढऱ्या पेशींना दाखवणं हे त्याचं काम. ते जनुकाने ठरतं, जन्मतःच असतं, कुणापासून लागत नाही. संसर्गाशी त्याचं नातं आहे, पण आडवळणाचं: साल्मोनेला, शिगेला यांसारख्या जंतूंनी पोट बिघडलं की काही आठवड्यांनी बी२७ असलेल्या काही जणांचे सांधे सुजतात, डोळा लाल होतो. डोळ्यात तेव्हा जिवंत जंतू नसतात, प्रतिकारशक्तीच भडकलेली असते.

‘दृष्टी जाणारच.’ सगळा घोळ इथे आहे. बी२७चा डोळ्याच्या पुढच्या भागातल्या दाहाशी, म्हणजे युव्हायटिसशी असलेला संबंध १९७३ साली पुढे आला. पाश्चात्त्य देशांत अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत बी२७ सापडतं. हा आकडा लोक उलटा वाचतात. बी२७ असलेल्या शंभरांत आयुष्यभरात हा दाह होतो साधारण एकाला! १९६२ साली अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर शिगेलामुळे सहाशेच्या आसपास खलाशांना आमांश झाला. त्यानंतर सांधे-डोळ्यांचा त्रास सुरू झाला तो जेमतेम नऊ-दहा जणांना. पुढे त्यांतले पाच जण शोधून तपासले, तर चौघांत बी२७ निघालं. म्हणजे प्रवृत्ती खरी, पण ती असूनही बहुतेकांना काही होत नाही. आणि झालंच, तर वेळेवर स्टेरॉइडचे व बाहुली मोठी करणारे थेंब मिळाले की बहुतेकांची नजर चांगली राहते. दुखणं अंगावर काढलं तर मात्र बाहुलीची कड भिंगाला चिकटते, काचबिंदू-मोतीबिंदू होऊ शकतो.

‘सगळ्या घराची तपासणी करा.’ कशाला? आई किंवा वडिलांकडे ते एका गुणसूत्रावर असेल, तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. आलं तरी त्रास नसताना उपचार काहीच नाही.

‘काढ्याने निगेटिव्ह.’ जनुक काढ्याने बदलत नाही. पैसे वाचवा.

याच मेसेजची दुसरी आवृत्ती म्हणते, निगेटिव्ह असाल तर निश्चिंत राहा. ही मला जास्त घातक वाटते. क्षयरोग, नागीण, लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) यांमुळेही युव्हायटिस होतो. तिथे बी२७ असण्या-नसण्याने काही ठरत नाही. मदुराई भागात १९९३च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या युव्हायटिसची साथच आली होती. कोकणातल्या भातशेतीत पावसाळाभर पाण्यात उभं राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

डोळे आले की चिपडं येतात. एकच डोळा लाल, आत ठणका, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय, पण चिपडं नाहीत, असं असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने आणू नका. बुबुळावर नागिणीच्या विषाणूची जखम असेल तर ती या थेंबांनी चिघळते.