नव्या परवानाधारकास सप्रेम सूचना

शस्त्रपरवाना मिळाल्याबद्दल सर्वप्रथम आपले अभिनंदन. पोलिसांची चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब आणि आपल्या जिवाला नेमका कोणाकडून धोका आहे हे साहेबांना पटवून देण्याचे दिव्य, या सर्वांतून आपण तावूनसुलाखून बाहेर पडलात. परवान्यासाठी स्वतःवरच हल्ल्याचा बनाव रचणारे पकडले गेल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. आपल्याला तसे काही करावे लागले नाही, यावरून आपल्या ओळखी चांगल्या आहेत एवढे नक्की. आता हत्यार खरेदी करण्यास थोडा उशीर झाला तरी चालेल, परंतु हत्यारांविषयीचे मत मात्र आजच तयार ठेवावे, कारण आपल्याला गोळी झाडताना फारसे कोणी पाहणार नाही, बोलताना मात्र रोज ऐकणार आहेत.

मताची सुरुवात बोअरपासून, म्हणजे नळीच्या आतल्या मापापासून करावी. 9 मिमी, .38 आणि .45 ही प्रकरणे आपल्या कायद्याने सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे आपल्या वाट्याला .32 येणार हे ठरलेलेच आहे. तरीही ‘बत्तीसमध्ये काही दम नाही’ हे वाक्य, आयुष्यभर पंचेचाळीसच्या गोळ्या झाडून आता कंटाळा आला आहे अशा सुरात, खुर्चीत मागे रेलून उच्चारावे. त्यावर एखाद्या आगाऊ माणसाने ‘मग बत्तीसची एक गोळी अंगावर घ्याल का’ असे विचारलेच, तर ताबडतोब चहा मागवावा.

त्यानंतर कानपूरकडे वळावे. तेथील सरकारी कारखान्यात तयार होणारे सहा गोळ्यांचे .32 रिव्हॉल्वर जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्वरच्या वळणावर घडवलेले आहे आणि त्याला नावे ठेवणे हा परवानाधारकाचा जन्मसिद्ध हक्क मानला जातो. चाप जड आहे, फिनिशिंग ओबडधोबड आहे, असे सांगत राहावे. त्यात थोडेफार तथ्यही आहे, त्यामुळे कोणी फारसा वाद घालत नाही. (याच शहरातून 2014 मध्ये ‘निर्भीक’ हे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्वर खास महिलांसाठी म्हणून बाजारात आले आणि त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास ठेवण्यात आली, ज्या बाईला भीती वाटते तिच्याकडे सव्वा लाख रुपये असतातच, हे त्यात गृहीत होते.) याउलट ऐंशीच्या दशकात व्यक्तिगत आयातीवर बंदी येण्यापूर्वी देशात आलेले एखादे वॉल्थर हे जर्मन पिस्तूल समोर आले, तर त्याची स्प्रिंग आपल्या आजोबांच्या गुडघ्याइतकी थकलेली असली तरी ‘जर्मन ते जर्मन’ असे म्हणून लाखांचा भाव मोजावा. ते चालवून पाहू नये. चालवल्यास मत बदलण्याचा संभव असतो.

नेमबाजीच्या तंत्राविषयी मात्र सावध राहावे, कारण तेथे कागदाचे निशाण खोटे बोलत नाही. आपण उजव्या हाताचे असाल आणि चापाला हिसका देण्याची सवय असेल, तर गोळी डावीकडे खाली जाते. चाप ओढताना अख्खी मूठ आवळली जाते आणि नळीचे तोंड त्या बाजूला कलते, एवढेच त्याचे कारण आहे. सलग सहा गोळ्या डावीकडे खाली गेल्या, तर ‘नळी वाकडी आहे, कानपूरचा माल’ असे जाहीर करावे. जर्मन हत्यारातूनही त्या तेथेच गेल्या, तर काडतुसे जुनी आहेत असे म्हणावे. प्रशिक्षकाने तेच हत्यार, त्याच काडतुसांसह हातात घेऊन मधल्या काळ्या वर्तुळात गोळ्या बसवल्या, तर आपल्याला महत्त्वाचा फोन येणे आवश्यक आहे.

हिसक्याची ही खोड घालवण्याचा एक उपाय आहे, परंतु तो आपल्यासारख्या प्रतिष्ठित माणसाला शोभणारा नाही. हत्यार पूर्ण रिकामे करून, दोनदा तपासून, नळीवर पुढच्या बाजूला एक नाणे ठेवायचे, नजर पलीकडच्या निशाणावर न ठेवता नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्यावर ठेवायची आणि नाणे न पाडता चाप इतक्या सावकाश मागे घ्यायचा की खटका कधी पडला हे आपले आपल्यालाच कळू नये. हेच रोज, महिनोन्‌महिने. यात आवाज होत नाही, धूर निघत नाही आणि रीलसाठी तर काहीच मिळत नाही.

असले कंटाळवाणे उद्योग कोल्हापूरकडच्या मुलींना करू द्यावेत. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि या स्पर्धांमध्ये नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या प्रकाराच्या एका टप्प्यात हात खाली झुकवून उभे राहायचे असते, निशाण तीन सेकंदांसाठी उघडते, तेवढ्यात एकच हात उचलून एकच गोळी मारायची असते, आणि मग सात सेकंद थांबून पुन्हा तेच. आता यातली गंमत अशी की ते पिस्तूल .22 चे असते, म्हणजे आपल्या बत्तीसपेक्षाही ‘दम नसलेले’. हा विषय चारचौघांत निघालाच, तर ‘तो खेळ झाला, प्रत्यक्षातली गोष्ट वेगळी’ असे म्हणावे. प्रत्यक्षातली गोष्ट आपण पाहिलेली नसली, तरी ती वेगळी आहे यात शंका नाही.

सुरक्षिततेचे नियम पाठ असावेत, म्हणजे ते दुसऱ्यांना शिकवता येतात. काही जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारी मागची हातोडी, थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला राहतो आणि हत्यार हातातून निसटून पडले तर गोळी सुटू शकते, म्हणून जाणकार मंडळी घोड्याखालचे घर रिकामे ठेवतात. आपण तसे करू नये. सहाचे हत्यार घेऊन पाचच गोळ्या भरणे हा पैशांचा अपव्यय आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईतील एका नामवंत अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी शिरली होती, परंतु तो अभिनेता होता आणि आपण अनुभवी आहात.

हत्यार म्यानात झाकून न्यावे, असा दंडक आहे. तो पाळूनही हॉटेलात बसताना शर्टाची कड किंचित वर सरकू देता येते आणि वेटर पाणी आणायला आला की ती सावकाश खाली ओढता येते. पाणी लवकर येते. वरातीत हवेत गोळीबार करण्याचा मोह झाल्यास लक्षात असू द्यावे की शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बेदरकार ‘जल्लोषा’साठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. 2016 मध्ये हरियाणात कर्नाल येथे लग्नातील अशाच गोळीबारात नवरदेवाची मावशी ठार झाली. वर गेलेली गोळी कोठे उतरते याची चौकशी करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. वरात पुढे गेलेली असते.

त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, त्यामुळे ज्यांच्याकडे वाडवडिलांची धरून तीन होती त्यांच्यापुढे कोणते जमा करावे असा पेच उभा राहिला. पुढेमागे आपल्यावरही ती वेळ आली, तर फार विचार करू नये. तिन्ही घेऊन फोटो काढावेत, ज्या दोन हत्यारांना अधिक लाइक मिळतील ती घरी ठेवावीत आणि ज्याने आपला नेम त्यातल्या त्यात बरा लागतो ते जमा करावे.