पुठ्ठा वाकला तो माझ्यामुळे. दोरा दिसतो, तो मात्र दिसायलाच हवा

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. दोन चांदण्या दिल्यात. त्यातली एक बहुधा कापडाच्या रंगाची असावी, कारण रंग आईंना आवडला एवढंच एक चांगलं तुम्ही लिहिलंय. काल दिवसभर शाळेच्या ग्रंथालयात होते, म्हणून उत्तर आज.

बाकीचे लोकही हे वाचतात, तेव्हा तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. आईंच्या पंचाहत्तरीला पाककृती लिहायची कोरी वही तुम्ही माझ्याकडून बांधून घेतलीत. 12 दिवस सांगितले होते, 23 लागले, आणि वही पोचली ती वाढदिवस होऊन दोन दिवसांनी. पंधरवड्यात पुठ्ठा पापडासारखा वाकला. मधेमधे दोरा दिसतो. शाई पसरते. औषधासारखा वास येतो. याचे 1850 रुपये, ऑनलाइन अशीच वही 400 ला मिळते, आणि "हौस म्हणून करणाऱ्यांनी लोकांचे पैसे घेऊ नयेत."

उशिराबद्दल माझ्याकडे सबब नाही. पावसावर ढकलता आलं असतं, पण माझा जन्म वेंगुर्ल्याचा. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैत तर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. मे महिन्यात रात्रभरात सुकणारी बांधणी तेव्हा चार-चार दिवस ओली राहते. हे सगळं ठाऊक असून मी 12 दिवस कबूल केले. दहाव्या दिवशी फोन करून "होत नाही" म्हणायला हवं होतं. रोज ठरवायचे आणि ओशाळून राहून जायचं. वाढदिवसाची वस्तू होती, त्यामुळे ही चूक पुठ्ठ्यापेक्षा मोठी.

आता पुठ्ठा. तुमचा फोटो बघितल्यावर मी खोक्यातून त्याच पुठ्ठ्याचा उरलेला तुकडा शोधून काढला. पुठ्ठ्याला लाकडासारखी दिशा असते. एका बाजूने दोन बोटांनी सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने वाकवायला गेलं तर अंगठा दुखतो. ओल लागली की तो या दिशेच्या लांबीत फारसा फुगत नाही, तिला आडवाच पसरतो. म्हणून पुठ्ठ्याची दिशा वहीच्या पाठीला समांतर, उभी ठेवायची, हा बांधणीतला पहिला धडा. माझे वडील छापखान्यात बायंडर होते, शाळांचे हजेरीपट आणि वाण्यांच्या लाल चोपड्या बांधायचे. ते एवढंच म्हणत, "वाकवून बघ आधी, मगे कातर घाल." उरलेला तुकडा वाकवून पाहिला. दिशा आडवी. मग आठवलं, त्या दिवशी एका मोठ्या तावातून चारऐवजी सहा तुकडे निघावेत म्हणून मी तो फिरवून कापला होता. दोन तुकडे वाचवले आणि तुमची वही घालवली.

त्यात दुसरी चूक मिसळली. कापड खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं की ते आधी ओलं होऊन ताणतं, आणि सुकताना आक्रसून पुठ्ठ्याला बाहेरच्या बाजूला ओढतं. आतून चिकटवलेलं अस्तराचं पान तितक्याच जोराने उलट ओढतं, तेव्हा पुठ्ठा सरळ राहतो. ही ओढाताण दाबाखाली, सावकाश संपली पाहिजे. माझ्या पडवीत त्यासाठी दोन फळ्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले जांभ्याचे दोन चिरे आहेत. तुमची वही त्याखाली चार दिवस राहायला हवी होती. आधीच उशीर झालेला, म्हणून मी ती दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. हाताला कोरडी लागली, कुरिअरमध्ये दिली. आत ओल होती, ती तुमच्या घरी सुकली. हाताने केलेल्या कामात थोडं इकडेतिकडे व्हायचंच, असं मी तुम्हाला फोनवर म्हणाले होते. ते शब्द मागे घेते.

दोऱ्याबद्दल मात्र ऐकणार नाही! तुमच्या वहीत 120 पानं आहेत. पाच-पाच ताव मधे दुमडून एक जुज, अशी 12 जुजं आरीने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकींना शिवली आहेत. प्रत्येक जुजाच्या बरोबर मध्यावर वही उघडलीत तर तिथे दोरा दिसणार, एकूण बारा ठिकाणी. दिसला नाही तर शिवलेलीच नाही. 400 रुपयांच्या वहीत बहुतेक वेळा सुटी पानं पाठीवर गोंदाने चिकटवलेली असतात. तीही वाईट नसते, हिशेबाला मीच वापरते. पण कणकेच्या हाताने ओट्यावर ती उघडी ठेवून बघा, मिटते. दाबून उघडलीत की पाठ तडकते आणि मग एकेक पान सुटतं. शिवलेली वही सपाट उघडी राहते, आणि स्वयंपाकघरात वहीने दुसरं काय करायचं असतं?

शाईचा निम्मा दोष माझा. हा कापसाच्या चिंध्यांचा हातकागद आहे, शाई पितो. पूर्वी पोथ्यांचा कागद खळ देऊन दगडाने घोटत, म्हणून बोरूची शाई वर बसायची. माझा कागद तसा घोटलेला नाही. ऑर्डर घेताना आई कुठल्या पेनाने लिहिणार हे मी विचारायला हवं होतं, आता प्रत्येकाला विचारते. त्यांनी पहिल्याच पानावर घावण्यांची कृती शाईपेनाने लिहिली आणि ती फुटली, हे वाचून वाईट वाटलं. बॉलपेनने लिहायला सांगा, पसरणार नाही.

वास लवंगेच्या तेलाचा. दाताच्या डॉक्टरकडे येतो तोच. मैद्याची खळ पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते आणि मग तिला बुरशी लागते, कसर लागते. वडील खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, आणि ही वही पिठाच्या डब्याशेजारी राहणार, म्हणून मी लवंग वापरते. महिन्याभरात वास उतरेल.

राहिली हौस. होय, हौसच आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार करते, महिन्याला चार-पाच वह्यांच्या वर होत नाहीत. 1850 मधले 700 कागद, पुठ्ठा, कापड, दोरा यांचे, 150 कुरिअरचे, उरलेले हजार साधारण सात तासांच्या कामाचे. हौस आहे म्हणून सात तास बसते, नाहीतर मीही पाठीला गोंद फासून मोकळी झाले असते. पैसे घेणं मला चुकीचं वाटत नाही. पैसे घेऊन पुठ्ठा आडवा कापणं चुकीचं, आणि तिथे तुमचा राग मला मान्य आहे.

करता येईल ते असं. ही वही आणि तिचं कव्हर वेगवेगळं तयार होतं, दोन्ही फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या अस्तरावर जोडलेली असतात. तिथे कापून जुनं कव्हर काढता येतं, लिहिलेल्या पानांना धक्का लागत नाही. नवं कव्हर मी करून देते, येण्याजाण्याचा खर्चही माझा. फक्त आत्ता नको. नवरात्र होऊन हवा कोरडी झाली की पाठवा, किंवा दिवाळीत गावी आलात तर घेऊन या, चार दिवस दाबात ठेवून हातात देईन. हे नको असेल तर पूर्ण 1850 परत करते. ज्या नंबरवर ऑर्डर दिलीत तिथे एक मेसेज टाका. दोन्हीपैकी काहीही निवडा, वही आईंकडेच राहू दे. घावणे लिहून झालेली वही मी परत मागणार नाही.

तोपर्यंत रात्री वही दोन सपाट पाटांमधे घालून वर तांदळाचा डबा ठेवा, बराचसा बाक उतरेल. उन्हात मात्र ठेवू नका, आणखी वाकेल.