सोनं नाणेनिधीकडे गेलंच नव्हतं

मी आंतरराष्ट्रीय अर्थकारण आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या संस्था हा विषय शिकवतो. गेली काही वर्षं एक संदेश मला नातेवाईक, माजी विद्यार्थी आणि सोसायटीतले शेजारी असे सगळेच पाठवतात. मजकूर थोडक्यात असा: 1991 मध्ये देशाचं सोनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे गहाण पडलं, ते 33 वर्षांनी सोडवून आणलं, तेव्हापासून आपलं आर्थिक धोरण नाणेनिधी आणि जागतिक बँक लिहितात, आपण अजून नाणेनिधीचे कर्जदार आहोत, आणि तिथे आपल्याला कोणी विचारत नाही. यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे. बाकीची चुकीची किंवा अर्धवट आहेत, आणि त्यांच्या गर्दीत ते खरं वाक्य हरवतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आधी सोनं. ऑगस्ट 1990 मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला आणि तेल महागलं. आखातातून कामगार परतू लागले (कोकणातल्या अनेक घरांना ते दिवस आठवत असतील), अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या. जून 1991 पर्यंत परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. त्याआधीच, मे महिन्यात, चंद्रशेखर सरकारच्या काळात तस्करांकडून जप्त केलेलं 20 टन सोनं स्टेट बँकेनं परत विकत घेण्याच्या बोलीवर युनियन बँक ऑफ स्वित्झर्लंडला विकलं. जुलैत, नरसिंह राव सरकार आल्यावर, रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं मुंबईहून विमानानं लंडनला गेलं. ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे 40 कोटी डॉलर उचलले. या दोन्ही व्यवहारांत नाणेनिधी नव्हता. निर्णय दोन वेगवेगळ्या सरकारांच्या काळातले आहेत, त्यामुळे संदेशात ज्या एका नेत्याच्या नावानं बोटं मोडलेली असतात, तेही बरोबर नाही.

नाणेनिधी मुळात सोनं तारण घेऊन कर्ज देत नाही. देश आपलं चलन निधीकडे जमा करतो आणि बदल्यात डॉलर किंवा येन उचलतो. फेडायचं म्हणजे आपलं चलन परत विकत घ्यायचं. तिथे तारण असतं ते धोरणाच्या वचनाचं. ते जाचक ठरू शकतं, पण तो वेगळा वाद आहे.

आता ‘33 वर्षांनी सोडवलं’ हा दावा. जुलैचं ते कर्ज 1991 संपायच्या आत फिटलं होतं. सोनं मोकळं झालं, फक्त राहिलं लंडनच्या तिजोरीत. सोन्याचा मोठा बाजार तिथे आहे, गरज पडली तर विकायला सोपं, म्हणून अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका तिथे सोनं ठेवतात. 2023-24 मध्ये रिझर्व्ह बँकेनं ब्रिटनमधून सुमारे 100 टन सोनं देशात हलवलं, ते आपलंच, बिनबोज्याचं. सोनाराकडून दागिना सोडवणं वेगळं आणि बँकेच्या लॉकरमधून घरी आणणं वेगळं.

‘सगळं धोरण त्यांनी लिहिलं’ यावर मात्र सरळ हो-नाही म्हणता येत नाही. अटी होत्या. वित्तीय तूट कमी करण्याचं लक्ष्य होतं, आणि 1 व 3 जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा निधीशी बोलणी चालूच होती. सुमारे 220 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं ते ऑक्टोबरच्या अखेरीस. पण त्याच वर्षी 24 जुलैच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती 40 टक्क्यांनी वाढवल्या होत्या. संसदेत गदारोळ झाला, वाढ 30 टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना सूट मिळाली. संसदेत घासाघीस करून धोरण बदलता येत होतं, एवढं तरी यातून दिसतं. त्याआधीचं उदाहरण तर कोणी सांगतच नाही: 1981 मध्ये निधीकडून मंजूर झालेलं मोठं कर्ज भारतानं 1984 मध्ये स्वतःहून थांबवलं आणि उरलेली रक्कम उचललीच नाही.

आणि कर्जदार? 2000 पर्यंत नाणेनिधीचं कर्ज पूर्ण फिटलं. 2003 पासून तर इतर देशांना निधी जी कर्जं देतो, त्यांत भारताचाही पैसा असतो. 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेनं खुद्द नाणेनिधीकडून 200 टन सोनं सुमारे 670 कोटी डॉलर मोजून विकत घेतलं. नाणेनिधी आणि सोनं यांची भारतासंदर्भात गोष्ट सांगायची असेल, तर ती ही आहे.

राहिलं ते शेवटचं वाक्य, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. जुलै 1944 मध्ये नाणेनिधी आणि जागतिक बँक उभारण्यासाठी अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला 44 देश जमले. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, रायगड जिल्ह्यातले. युद्धात ब्रिटन भारताचं जे देणं लागत होता, ते सोडवण्याचा प्रश्न भारतानं तिथे मांडला आणि तो बाजूला सारला गेला. तरी निधीतला भारताचा वाटा (देश निधीत भरतो तो पैसा, मतं मुख्यतः त्यावरच ठरतात) सहाव्या क्रमांकाचा ठरला, आणि सोव्हिएत संघ निधीत आलाच नाही म्हणून पाचवा.

आज भारताची मतं सुमारे 2.6 टक्के, अमेरिकेची सुमारे 16.5. महत्त्वाच्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात, म्हणजे एकटी अमेरिका ते अडवू शकते. 2010 मध्ये ठरलेली वाट्यांची फेररचना अमेरिकी काँग्रेसच्या मंजुरीसाठी खोळंबली आणि 2016 मध्ये लागू झाली. नाणेनिधीच्या प्रमुखपदी 1946 पासून प्रत्येक वेळी युरोपातलीच व्यक्ती बसली. जागतिक बँकेचं अध्यक्षपद प्रथेनं अमेरिकेकडे. बँकेचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्याच्या खडकीतला, याचा आपल्याला आनंद आहेच, पण त्यांचं नाव सुचवलं ते अमेरिकेनं, अमेरिकी नागरिक म्हणून.

डिसेंबर 2023 मध्ये निधीनं सगळ्यांचे वाटे सरसकट 50 टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं. सरसकट म्हणजे टक्केवारी होती तिथेच राहिली, आणि वाटे नव्यानं ठरवण्याचा प्रश्न पुढे ढकलला गेला. संदेश पुढे पाठवायचाच असेल, तर कृपया हा पाठवा.