लिंकिंगचा भाव

दादाचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडात बोल्टनमधल्या एका देशी दुकानात तूरडाळीच्या पाकिटांसमोर उभा होतो. इकडे दुपारचे दोन. तिकडे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात साडेसहा, म्हणजे दादा वावरातून येऊन, हातपाय धुऊन ओसरीवर टेकलेला असणार. मृग लागून आठवडा झाला होता.

"डीएपी भेटली," तो म्हणाला. "चार बॅगा."

"बरं झालं की."

"काय बरं झालं बाप्पा! त्याच्यामागं दोन पिशव्या सूक्ष्म अन्नद्रव्य अन् एक डब्बा बुरशीनाशक. लिंकिंग आहे म्हणे. मी म्हटलं, मले नाही पाह्यजे. तर म्हणे, मंग डीएपीबी नाही."

डीएपी या खताच्या 50 किलोच्या बॅगेवर 1350 रुपये छापलेले असतात. चार बॅगांचे 5400 झाले. दादाचे गेले 7100. पावत्या मात्र चोख: एकीवर चार बॅगा डीएपी, छापील दरात, दुसरीवर बाकीचा माल, जणू याने तो हौसेने मागून घेतला.

हा प्रकार मी ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. त्याला आधी वाटलं, एकावर एक फुकट अशी काही योजना असावी. म्हटलं, नाही रे, दुसरंही विकतच. मग गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात का जात नाही, असं त्याने विचारलं. दुसऱ्या दुकानात शिल्लक शून्य असते, हे सांगितल्यावर तो गप्प झाला.

मी इकडे एका घाऊक अन्नपुरवठादाराकडे खरेदी बघतो. छोटी हॉटेलं, चिप्सची दुकानं, शाळांची स्वयंपाकघरं हे आमचं गिऱ्हाईक. त्यामुळे टंचाई म्हणजे काय ते मला पगार देऊन शिकवलं गेलं आहे. 2022 च्या मार्च-एप्रिलात युक्रेनचं सूर्यफूल तेल थांबलं, तेव्हा आम्हाला ठरलेल्या कोट्याच्या वर एक डबा मिळेना. सुपरमार्केटांनी माणशी दोन-तीन बाटल्यांची मर्यादा घातली. आमचा एक चिप्सवाला तळणीचं तेल बदलून मोकळा झाला आणि दारावर खडूने लिहून ठेवलं: तेल महागलं, आजपासून दर वाढले. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटली. पण भाव काय आहे आणि का आहे, हे दारातच वाचता येत होतं.

इथे आपल्यासारखी एमआरपी नाही. कंपनी सुचवते ती किंमत, दुकानदार लावतो तो भाव. त्यामुळे टंचाई आली की ती सरळ भावातून येते. आपल्याकडे खताच्या बॅगेवरचा आकडा सहसा हलत नाही, म्हणून ती मागच्या दाराने येते. देशाला लागणाऱ्या डीएपीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, आणि देशात बनतं त्यालाही रॉक फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल बाहेरूनच आणावं लागतं. चीनने 2021 पासून निर्यातीला लगाम घातला. 2022 मध्ये युद्ध पेटलं. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि माल आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला. जगात भाव चढला आणि सरकारकडून कंपनीला मिळणारं अनुदान त्या मापाने वाढलं नाही, तर 1350 ला विकून कंपनीला तोटा होतो. मग ती एकतर कमी माल आणते, नाहीतर जो खपत नाही तो माल खपणाऱ्या मालाच्या शेपटीला बांधते. सरकार छापील किमतीकडे बोट दाखवून सांगतं, भाव वाढलेला नाही. आकडा खरा आहे. दादाचे 1700 रुपये तेवढे त्या आकड्यात बसत नाहीत, आणि रांगेत गेलेला दिवस तर कोणत्याच पावतीत बसत नाही.

दुकानदाराला शिव्या घालणं सोपं आहे. माझ्या चुलतभावाचं तालुक्याला कृषी केंद्र आहे. (दादाला माल देणारं दुकान ते नव्हे, नाहीतर हा लेख लिहायची माझी हिंमत झाली नसती.) त्याला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, मले काय हौस आहे काय? घाऊकवाला डीएपीच्या गाडीसंगंच हे पाठवते. नाही म्हटलं तं पुढच्या रॅकच्या वक्ताले यादीत आपलं नावच नाही." धामणगावला रॅक, म्हणजे खताची मालगाडी, लागली की तिथून ट्रकने माल येतो, भाडं आणि हमाली चुकत नाही. खताचे पैसे रोख मोजावे लागतात आणि शेतकरी मात्र उधारीवर नेतो, कापूस घरात येईपर्यंत. त्याच्या गोदामात कोपऱ्यात मुदत संपत आलेल्या बाटल्यांचे खोके एकावर एक रचलेले मी गेल्या दिवाळीत पाहिले. लिंकिंगचा माल. त्याच्या गळ्यात पडलेला, आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारायला त्याचा हात धजला नाही तो. मोठा धर्मात्मा नाही तो, पण रोज संध्याकाळी त्याच लोकांसोबत पारावर बसायचं असतं.

आता इकडचं एक सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. 2022 च्या नोव्हेंबरात इथे अंडी कमी पडली. आस्डा या सुपरमार्केटात एका गिऱ्हाइकाला दोन खोकी, लिडलमध्ये तीन. बर्ड फ्लूचं कारण सांगितलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. पण अंडीवाल्यांचं म्हणणं निराळं होतं: खाद्य महागलं, वीज महागली, दुकानात अंडं महाग झालं, पण त्यातलं आमच्या हातात येतं ते पुरत नाही, मग नव्या कोंबड्या आणायच्याच कशाला? बऱ्याच जणांनी शेड रिकामी ठेवली. त्याच हिवाळ्यात लंडनजवळच्या ली व्हॅलीत हरितगृहवाल्यांना गॅस परवडेना, त्यांनी लागवड लांबवली किंवा केलीच नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये स्पेन आणि मोरोक्कोत थंडी पडली, तिकडचा टोमॅटो आला नाही, आणि इंग्लंडात माणशी तीन टोमॅटोंची पाटी लागली. तेव्हाच्या अन्न आणि पर्यावरण खात्याच्या मंत्री थेरेस कॉफी यांनी संसदेत हंगामी भाज्या खाण्याच्या ओघात शलगमाचं नाव काढलं, तर देशभर त्यांची टिंगल झाली.

हे दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे पेरलंच नाही?"

"नाही."

"अन् खाल्लं काय मंग त्याईनं?"

सगळा फरक या प्रश्नात आहे. इकडचा कोंबडीवाला एक हंगाम नाही म्हणू शकला, आणि त्याचं नाही म्हणणं दुकानाच्या फळीवर दिसलं. दादा नाही म्हणू शकत नाही. मृगात पाऊस पडला आणि वावर पडीत राहिलं तर तण माजतं, पुढच्या साली दुप्पट निंदण. बँकेचं पीककर्ज पिकासाठीच मिळतं. शिवाय लोक काय म्हणतील हा हिशेब आहेच. म्हणून डीएपी महाग पडो, वेचणीला मजूर न मिळो, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लागतेच. त्याचा माल बाजारात कमी आला तर त्याचं कारण पाऊस किंवा बोंडअळी असतं. त्याची इच्छा कधीच नसते.

आणि त्याच्या मालाची टंचाई झालीच, तर ती किती दिवस टिकते ते पाहा. 2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनने दहा हजारांचा टप्पा गाठला. कोंबडी उद्योगाने ओरड केली, ऑगस्टमध्ये 12 लाख टन सोयापेंड आणायला परवानगी मिळाली, आणि नवं पीक निघेपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. तुरीची आयात त्याच वर्षीच्या मे महिन्यात मोकळी झाली आणि तिची मुदत वाढतच गेली. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने कर लादल्यावर कापडगिरण्यांना दिलासा म्हणून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. आमच्याकडे नेमका तेव्हाच सीतादहीचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो. गिरण्यांची अडचण खोटी होती असं मी म्हणत नाही; तिरुपूरच्या कामगाराच्या घरातही चूल आहे. पण गिरणीला कापूस महाग पडला की तो राष्ट्रीय प्रश्न होतो आणि निर्णय काही दिवसांत निघतो. दादाला डीएपी मिळाली नाही की उत्तर येतं: साठा मुबलक आहे, शेतकऱ्यांनी घाबरून जाऊ नये.

तेलाचं तर आणखी मजेशीर. सप्टेंबर 2024 मध्ये सोयाबीनला भाव मिळावा म्हणून कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. दिवाळीच्या तोंडावर तेलाचा पिपा भडकला. आमच्या बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्याने आलूबोंड्याचा भाव न वाढवता बोंडाच लहान केला. आणि सोयाबीन? हमीभाव 4892, बाजारात चार हजारांच्या आसपास. कारण सोयाबीनच्या क्विंटलात तेल निघतं 18-20 किलो, उरलेली बहुतेक डीओसी, म्हणजे पेंड. डीओसीला उठाव नव्हता. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळत होता. म्हणजे खाणाऱ्याने जास्त मोजले आणि पिकवणाऱ्याला मिळाले नाहीत. मे 2025 मध्ये शुल्क पुन्हा 10 टक्क्यांवर आणलं. बोंडा काही पुन्हा मोठा झाला नाही.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर यावरून नेहमी जुंपते. अमेरिकेतला एक मित्र लिहितो, सगळी नियंत्रणं उठवा, बाजार आपोआप ठीक करतो. त्याला मी मार्च 2023 आठवून देतो, जेव्हा इंग्लंडात अन्नाची महागाई 19 टक्क्यांवर गेली होती आणि आमच्या कंपनीतून उरलेला माल नेणाऱ्या फूड बँकेच्या दारात नोकरीवाली माणसं उभी असायची. आणि बाजाराच्या या माहेरघरातही सरकारने त्याआधीच्या ऑक्टोबरात घरगुती वीज-गॅसच्या दरांवर मर्यादा घातली होती, साधारण कुटुंबाला वर्षाला 2500 पौंडांच्या आसपास खर्च येईल अशी. 2021 मध्ये गॅस महागला म्हणून इथले खताचे दोन कारखाने बंद पडले, तेव्हा सरकार आठवड्याच्या आत पैसे घेऊन दारात हजर झालं. खतासाठी नव्हे. त्या कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कत्तलखान्यांना आणि शीतपेयांना लागत होता, म्हणून. हे वाचून गावातल्या एकाने लिहिलं, "म्हणजे तिकडेबी आपल्यावानीच आहे." अगदी तसं नाही, पण तोही चुकला म्हणवत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे दुकानात साठा आणि दराचा फलक लावावाच लागतो. प्रत्येक बॅग विक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा घेऊनच विकली जाते. म्हणजे आज कोणत्या दुकानात किती बॅगा आल्या आणि किती गेल्या हे यंत्रणेला त्याच दिवशी कळतं. मग जिल्ह्याच्या एकूण साठ्याच्या बातम्या छापण्याऐवजी तो आकडा रोज ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावा. आणि अनुदान पुरत नसेल तर कंपनीने 1350 चे 1500 करून घ्यावेत, उघडपणे. दादा शिव्या देईल, मोर्चा निघेल, पेपरात येईल. निदान कशावर भांडायचं ते कळेल. बुरशीनाशकाच्या डब्यावर मोर्चा काढता येत नाही.

बोल्टनच्या आसपास जुन्या कापडगिरण्या आहेत, काहींचे आता फ्लॅट झालेत. 1861 ते 65 मध्ये अमेरिकेतल्या यादवीने कापूस थांबला आणि या भागात उपासमार झाली. मँचेस्टरला लिंकनचा पुतळा आहे तो त्याच आठवणीचा. त्या चार वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. इथे संग्रहालयात त्या काळाला 'कापसाचा दुष्काळ' म्हणतात. आमच्याकडे तोच सुकाळ होता, पण त्याचं संग्रहालय कोणी बांधलं नाही.

आणि मी? मी तर दोन्हीकडून खातो. जुलै 2023 मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा मी इथल्या दुकानात सोना मसुरीच्या दोन थैल्या गाडीत टाकल्या आणि तिसरीसाठी परत आत गेलो. तेव्हा भंडारा-गोंदियाच्या धानवाल्यांना भाव मिळेल का, हे मनात आलं नाही. आज तुरीच्या पाकिटावर मूळ देश मालावी लिहिलेलं पाहिलं आणि स्वस्त आहे म्हणून उचललं, दादा फोनवर असताना.

"कोणाची तूर आहे?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"आपलीच पाठवतो ना लेका. घरची डाळ आहे, मायनं जात्यावर भरडलेली. कोणी येऊन रायलं काय तिकडून?"

"येतोय एक जण, पुढच्या महिन्यात."

"मंग पाच किलो देतो. पण लिंकिंग आहे."

"कशाचं?"

"पोळ्याले गावात या लागते."

मी पाकीट फळीवर ठेवलं आणि तिकिटाचा भाव पाहिला. तो गेल्या वर्षापेक्षा बराच वाढला होता.