व्यवसाय : गृहिणी

आज बँकेतून आले आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आईच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. नोव्हेंबरात बँकेत पेन्शनरांची जत्रा असते, हे मान्य. काउंटरवरच्या मुलानं आईला विचारलं, "मावशी, नाव सांगा." आईनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "बे एके बे."

तो हसला. मागचे दोघेही हसले.

छत्तीस वर्षं जावळी तालुक्यात झेडपीच्या शाळांवर पायपीट करून जिनं शेकड्यांनी पोरं लिहिती केली, तिला हसले.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या रात्री आईला अर्धांगवायूचा झटका आला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं म्हणे. आम्हाला कळलं तेव्हा उजाडलं होतं आणि झटका रात्री कधी आला हे सांगणार कोण? उजवी बाजू गेली, वाचा गेली. नवव्या दिवशी हॉस्पिटलात तिची बोटं चोळता चोळता मी उगाच पुटपुटले, "बे एके बे." पलंगावरून आलं, "बे दुणे चार." मग थांबलीच नाही, थेट बे दाहे वीस. नर्स धावत आली. मी विचारलं, "आई, माझं नाव काय?" तर नुसती बघत राहिली.

डॉक्टर म्हणाले, तोंडपाठ झालेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. पाढे, आरत्या, शिव्यासुद्धा. (शिव्या अजून आलेल्या नाहीत. बाईंची शिस्त!)

त्यानंतर मी हिंजवडीतली सोळा वर्षांची नोकरी सोडली. नोटीस नव्वद दिवसांची. तीन महिने दर शुक्रवारी रात्री खंबाटकी घाट, रविवारी रात्री परत पुणे. बाळंतपणाला २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी रजा आहे, उत्तमच. पण आईबाप अंथरुणाला खिळले तर खाजगी नोकरीत कायद्यानं काय मिळतं? काही नाही. एचआरमधली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "केअरटेकर ठेवता येईल ना, मॅम?" येईल की! त्या बाईला माझं नाव आठवलं नाही तरी चालतंय, आईला आठवायला हवंय.

बरं, खोटं कशाला बोलू? नोकरीचा वीट आधीच आला होता. आई निमित्त झाली. हे लिहिताना लाज वाटतेय, पण आहे ते आहे.

आता साताऱ्यात आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. मिळकत पूर्वीच्या पाचव्या हिश्शाचीही नाही. आईच्या खात्याला माझं नाव जोडायचं म्हणून त्याच मुलानं माझं केवायसी काढलं. "मॅडम, काय करता?" "क्लास घेते." "कुठल्या शाळेत?" "घरीच." त्यानं मान न उचलता टाकलं: गृहिणी. गृहिणी असण्यात कमीपणा नाही, उगाच अंगावर येऊ नका. पण मी काय करते हे मी सांगितलं होतं ना?

वर आईची सही जुळत नाही म्हणून दाखला परत दिला. अहो, उजवा हातच गेलाय, जुळेल कशी? सत्तरीपुढच्यांना आणि आजारी माणसांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. त्याला माहीतच नव्हतं. पंचविशीचं पोरगं, समोर चाळीस माणसं, त्याचा तरी किती दोष.

पण हसायला नको होतं.

बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' म्हणायची पद्धत आणली, तेव्हा रिटायर झालेल्या आईनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. आज तिचा आवाज उंबऱ्यापर्यंतही जात नाही. तरी संध्याकाळी क्लासात एक पोरगा "तेरा साती..." म्हणून अडकला, आणि आतल्या खोलीतून आलं, "एक्क्याण्णव." पोरं चपापून सरळ बसली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले बराच वेळ.

सोमवारी परत जायचंय, डाव्या अंगठ्याचं काही होतंय का बघायला. बँकेतलं कुणी ओळखीचं असेल तर घरपोच सेवेचा अर्ज कुणाकडे द्यायचा तेवढं इनबॉक्समध्ये सांगा. आणि माझा व्यवसाय कसा बदलायचा, तेही.