सोनोग्राफीला सहकुटुंब जाताना

वहिनींना दिवस गेलेत? अभिनंदन! आता सोनोग्राफी आली. घाबरू नका, टेबलावर झोपायचं तिला आहे. तुम्ही फक्त सोबत जायचं. पण सोबत जाण्याचीही एक रीत असते.

सेंटर नागपूरच्या धंतोलीतलं निवडा. तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे बायकोला दारात सोडून अर्धा तास गायब व्हायला सबळ कारण मिळतं. मे महिन्याची दुपार असेल तर उत्तमच. सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून तपासताना लघवीची पिशवी भरलेली लागते. भरली की ती आतडी बाजूला सारते आणि ध्वनिलहरींना आत जायला वाट देते. हवा मध्ये आली की या लहरी अडतात, म्हणून तर पोटावर तो गार जेल फासतात. हे तिला समजावत बसू नका. पाण्याची बाटली पुढे करून दर पाच मिनिटांनी विचारा, "प्रेशर आलं का?" ते आलं की काउंटरवरून निरोप येतो, "सर आत्ताच जेवायला बसले." मग ती पायाला पाय आवळून बसते आणि समोरच्या कुलरमधून पाणी टपटपत असतं. अशा वेळी तिला विनोद सांगू नका. मी सांगितला होता. चार दिवस अबोला होता.

मग 'एफ' फॉर्म येतो. त्यात मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं काय, हे सगळं भरायचं. खाली ती लिहून देते की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. बघा, सही तिची! तुमच्याकडून कोणी काही लिहून घेतलेलं नाही. तेव्हा भिंतीवरचा बोर्ड नीट वाचून घ्या आणि आत गेल्यावर विचारा, "डॉक्टर, सगळं चांगलं आहे ना? म्हणजे... चांगलं?" दुसऱ्या 'चांगलं'ला डोळा किंचित बारीक करायचा. डॉक्टर काही सांगणार नाहीत, पण घरी आई वाट बघत असते. "डॉक्टर हासले का नाई? हासले ना? मंग पोट्टाच हाय, पाय!" इतकं अचूक निदान कुठल्याच मशीनला जमत नाही.

या डोळ्याला मोठी परंपरा आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ च्या जनगणनेत ८९४ झाल्या. कायदा वाढत गेला, मुली घटत गेल्या. एक बारीक अडचण मात्र आहे. लिंग तपासायला बाई आली ती नवऱ्याच्या किंवा नातेवाइकांच्या दबावानेच आली, असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. नाही जमलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. सही तिची आणि तारीख तुमची!

अठरा-वीस आठवड्यांची मोठी तपासणी शक्यतो पुढे ढकला. नेमकं तेव्हाच चुलत भावाचं लग्न असतं. त्या तपासणीत हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, मेंदू असलं काहीबाही बघतात. नाक कोणावर गेलं ते रिपोर्टात लिहीत नाहीत, मग एवढे पैसे कशाला?

बाळाचा तो काळा-पांढरा फोटो मात्र जपून ठेवा. ॲक्टिव्हाच्या डिक्कीत टाकला तर उत्तम. तो कागद उष्णतेवर छापणारा, त्यामुळे नागपूरच्या ४५ डिग्रीत आठवडाभरात सगळा काळा पडतो. आमचा पडला.

रिपोर्ट साध्या कागदावर होता म्हणून टिकला. बाळ छान, पाणी पुरेसं, ठोके नियमित. आमच्या घरात तेवढं तीनदा मोठ्यांदा वाचलं गेलं. अगदी खाली आईबद्दल एक ओळ होती, गर्भाशयात तीन सेंटिमीटरची गाठ, बाळंतपणानंतर पुन्हा सोनोग्राफी करावी. बाळंतपणाला आता सहा वर्षं झाली. परवा बायकोने पोट धरून विचारलं, "माझी ती फाइल कुठे आहे हो?" शोधली. सापडली. त्या ओळीच्या मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात दुधाचा हिशेब होता, पाच तारखेला खाडा.